किल्ली कुणाकडे असते, हे शीटमध्ये नको

पत्र

नमस्कार. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही पाच-सहा जणींनी एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना डबे आणि औषधं पोचवायला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. काम वाढत गेलं. आज ग्रुपमध्ये साडेतीनशे लोक आहेत, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडकोपासून पार नाशिकरोडपर्यंतचे. आता रक्तदात्यांची यादीही आम्ही ठेवतो. सगळी माहिती एका गुगल शीटमध्ये आहे: नाव, पत्ता, आजार, मुलांचे नंबर, घराची जादा किल्ली कुणाकडे असते, सगळं.

गेल्या महिन्यात मात्र तीन गोष्टी झाल्या. एका सभासदाचं व्हॉट्सअ‍ॅप हॅक झालं, त्याच्या नावाने ग्रुपवर पैसे मागितले गेले आणि चौघांनी पाठवलेही. आमची एक कॉलेजला जाणारी मुलगी रक्ताच्या फोनांना उत्तर देते. तिला एका रुग्णाचा नातेवाईक रात्री-अपरात्री मेसेज करतोय. घरचे म्हणतात, हे काम सोड. आणि ज्या मुलाने शीट बनवली तो भांडून ग्रुपमधून गेला. शीट त्याच्याच खात्यावर आहे.

काही जण म्हणतात सगळ्यांचे आधार कार्ड घ्या, काही म्हणतात ग्रुपच बंद करा. अ‍ॅडमिन म्हणून आमच्यावर केस होईल अशीही भीती घातली जाते. आमची नोंदणीकृत संस्था नाही, आमच्याकडे पैसा नाही. आम्हाला कोण कशाला त्रास देईल? आणि सिंहस्थात यात्रेकरूंना मदत करायची आहे, त्यासाठी हाच ग्रुप सगळ्यांना खुला करावा का?

– स. न., इंदिरानगर, नाशिक

उत्तर

स. न. ताई, तुम्ही तीन घटना ज्या क्रमाने लिहिल्या आहेत त्या क्रमाने मी उत्तर देणार नाही. आधी त्या मुलीचं बघू, कारण ते आज संध्याकाळी करायचं काम आहे. बाकीचं येत्या रविवारपर्यंत थांबू शकतं.

तिला सांगा की त्या माणसाला अजून ब्लॉक करू नकोस. घरचे नेमकं हेच आधी करायला लावतात. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आणि ब्लॉक करताना चॅट पुसण्याचाही पर्याय समोर येतो, आणि घाईत तो दाबला की पुरावा गेला. आधी स्क्रीनशॉट घ्यायचे. त्यात समोरच्याचं सेव्ह केलेलं नाव नको, पूर्ण नंबर दिसायला हवा, मेसेजची तारीख आणि वेळही. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून तिने स्वतःच्या आणि एखाद्या मोठ्या माणसाच्या ईमेलवर पाठवून ठेवावी. रात्री आलेल्या कॉलची यादीही त्याच दिवशी टिपावी. मग तिने एकच मेसेज लिहायचा: ‘मला यापुढे कोणत्याही प्रकारे संपर्क करू नका.’ त्यात सॉरी नको, कारण नको, स्मायली तर नकोच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा सांगितला आहे. स्त्रीने आपली नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं त्यात बसतं आणि पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ती एक ओळ म्हणजे लेखी नापसंती. त्यानंतर ब्लॉक.

तक्रार दोन ठिकाणी करता येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे, आणि नाशिक शहर पोलिसांचं स्वतंत्र सायबर पोलीस ठाणं आहे. घराजवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार घ्यायला हवी, ‘हे सायबरचं आहे, तिकडे जा’ हे उत्तर पुरेसं नाही. तिच्याबरोबर तुम्ही स्वतः जा. ती एकटी गेली की प्रश्न ‘तुझा नंबर त्याच्याकडे गेलाच कसा’ इथून सुरू होतो. तुम्ही शेजारी बसलात की त्याचं उत्तर तुम्ही देऊ शकता: ग्रुपच्या कामासाठी दिला, आम्हीच दिला. तो माणूस घरापाशी किंवा कॉलेजपाशी दिसला तर मात्र तक्रारीची वाट बघायची नाही, थेट ११२.

आणि तिच्या घरच्यांना भेटायला जा, फोनवर नको. त्यांची काळजी रास्त आहे. त्यांना हवं आहे ते ‘काळजी करू नका’ हे वाक्य नव्हे. उद्यापासून काय बदलणार, ते सांगा. ते असं सांगता येईल.

उद्यापासून ग्रुपमधल्या कुणाचाही खाजगी नंबर रुग्णाच्या नातेवाइकाला जाणार नाही. ग्रुपसाठी एक वेगळं सिम घ्या, साध्या फोनमध्ये घातलं तरी चालेल. रक्ताची मागणी त्या नंबरवर येईल. ज्यांची पाळी असेल ते दोघं मिळून ती तपासतील: रुग्णालयाला फोन करून रुग्ण आहे का, मागणी खरी आहे का. रक्तपेढ्यांमधला साठा ई-रक्तकोश या सरकारी पोर्टलवर दिसतो, तो आधी बघतील. मग दात्याला तुमच्या बाजूने फोन जाईल आणि दाता थेट रक्तपेढीत पोचेल. आभार मानायचे असले तर तेही ग्रुपच्या नंबरवर. पाळी रात्री दहाला संपते हे आधीच जाहीर करा. त्यानंतरची मागणी ज्या दोन-तीन अनुभवी पुरुष-स्त्रियांनी स्वतःहून घेतली असेल, त्यांच्याकडेच जाईल.

रक्ताच्या मेसेजबद्दल एक सांगायचंच आहे. ‘अर्जंट बी निगेटिव्ह हवे’, खाली रुग्णाचं नाव, वॉर्ड आणि मुलाचा मोबाइल, तारीख नाही. असा मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतो. रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो, किंवा गेलेला असतो, आणि मुलाला अजून फोन येत असतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन आणि प्लाझ्मासाठी सोशल मीडियावर नंबर टाकलेल्या कित्येक मुलींना मदतीऐवजी घाणेरडे मेसेज आले, ते तेव्हा बातम्यांतही आलं होतं. तुमच्या ग्रुपचा मेसेज तारीख, वेळ आणि ‘इतक्या वाजेपर्यंतच’ असं लिहून जावा, संपर्क ग्रुपच्या नंबरचा असावा आणि काम झालं की अ‍ॅडमिनने तो सगळ्यांसाठी डिलीट करावा. ग्रुपमधला कुणाचाही मेसेज अ‍ॅडमिनला असा काढता येतो, हे बऱ्याच अ‍ॅडमिनना माहीत नसतं.

आता शीट. तुमच्या ‘आम्हाला कोण कशाला त्रास देईल’ या प्रश्नाचं उत्तर त्या शीटमध्येच आहे. तुम्ही सांगितलेल्या रकान्यांवरून तिची एक ओळ मी मनात भरून पाहिली. वय ८१. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मधुमेह, ऐकायला कमी येतं. मुलगा अमेरिकेत, त्याचा नंबर हा. डबा दुपारी साडेबाराला. किल्ली समोरच्या फ्लॅटमध्ये.

ताई, ही ओळ चोराला दाखवली तर त्याला आणखी काही विचारायचं राहणार नाही. आणि चोराला निदान जिना चढावा लागतो. फोनवरून लुटणाऱ्याला तेही नको. ‘तुमच्या अमेरिकेतल्या मुलाच्या नावाचं पार्सल पकडलं आहे, आम्ही सीबीआयमधून बोलतोय, व्हिडिओ कॉल बंद करू नका’ असं सुरू होणारी ‘डिजिटल अरेस्ट’ तुम्ही ऐकली असेलच. अशी अटक भारताच्या कायद्यात कुठेही नाही. पण मुलाचं नाव, गाव आणि आईचा आजार बरोबर सांगितला की भल्याभल्यांचा विश्वास बसतो. नोंदणी नसलेल्या, पैसा नसलेल्या ग्रुपकडे नेमकी हीच एक गोष्ट मौल्यवान असते, आणि ती तुमचीही नाही, त्या आजींची आहे.

तेव्हा पहिलं काम कुलूप लावायचं नव्हे, रकाने कमी करायचं. किल्ली कुणाकडे असते हा रकाना सगळ्यात आधी जाऊ द्या. ती माहिती त्या घरी नेहमी जाणाऱ्या दोघांच्या डोक्यात आणि फार तर एका कागदावर. आजारांची नावं कशाला हवीत? डबा बिनसाखरेचा की साधा, एवढं पुरे. मुलांचे नंबर दोन मुख्य अ‍ॅडमिनकडे असू द्या, साडेतीनशे लोकांना नको. रक्तदात्यांची शीट पूर्ण वेगळी करा. तिच्यात नाव, रक्तगट, भाग, नंबर आणि शेवटचं रक्तदान कधी केलं ती तारीख, बस. तारीख हवीच, कारण दोन रक्तदानांत पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं. जन्मतारीख आणि पत्ता तिथे काहीच उपयोगाचे नाहीत, फॉर्ममध्ये सवयीने विचारले जातात एवढंच.

इथे एक बारकी गोष्ट. गुगल शीटमधून रकाना पुसला तरी जुन्या आवृत्त्या आत शिल्लक राहतात. ज्याला बदल करायची परवानगी आहे, त्याला ‘व्हर्जन हिस्टरी’मध्ये जाऊन मार्च महिन्यातली शीट जशीच्या तशी उघडता येते. म्हणून जुन्या शीटमध्ये खाडाखोड करत बसू नका. ग्रुपचं नवं गुगल खातं काढा, त्यात नव्याने कमी रकान्यांची शीट बनवा, हवी तेवढीच माहिती तिकडे न्या आणि जुनी संपूर्ण डिलीट होऊ द्या. ट्रॅशमध्येही ती तीस दिवस राहते, तिथूनही काढायची. नव्या शीटचं शेअरिंग ‘लिंक असलेले कुणीही’ यावर ठेवू नका, ठरावीक ईमेलनाच द्या. माहिती गुगल फॉर्ममधून भरून घेत असाल तर आधीच्या लोकांची उत्तरं भरणाऱ्याला दिसणारी सोय बंद आहे ना, तेही बघा.

पण जुनी शीट डिलीट करायचा अधिकार त्या भांडून गेलेल्या मुलाकडे आहे. मालक तो आहे. त्याच्याशी बोलावंच लागेल, आणि हे ग्रुपवर चारचौघांत बोलायचं नाही. ज्याचं त्याच्याशी बरं आहे अशा एकाने फोन करावा. दोनच गोष्टी मागायच्या: शेअरिंग बंद कर, आणि आमची प्रत झाली की शीट पुसून टाक. भांडणाचा विषय काढायचा नाही, कोण बरोबर होतं तेही नाही. बहुतेक वेळा माणूस ऐकतो, कारण त्यालाही ते लोढणं नको असतं. त्याने एवढी वर्षं ती शीट सांभाळली, त्याबद्दल मनापासून आभार माना, ते खरंही आहे. नाहीच ऐकलं तर लेखी मेसेज करा की ही माहिती अमुक कामासाठी घेतली होती, ते काम आता तुझ्याकडे नाही, ती ठेवू नकोस. पुढे काही गैरवापर झालाच तर हा मेसेज तुमच्या कामी येईल.

कायद्याचं म्हणाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतील. त्यासाठी दीड वर्षाची मुदत आहे. वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी माहिती ठेवणाऱ्याला त्यात सूट आहे. पण साडेतीनशे लोकांच्या ग्रुपची यादी घरगुती ठरेल, यावर मी तुमच्या जागी विसंबलो नसतो. कायद्याचा गाभा तसाही आजीला समजेल असाच आहे: विचारून घ्या, ज्यासाठी घेतली त्यासाठीच वापरा, काम संपलं की पुसा. डबा बंद झालेल्या घरांची माहिती अजून शीटमध्ये असेल. वारलेल्यांचीही असेल. ती आधी काढा.

नव्या खात्याचा पासवर्ड किमान दोघांकडे हवा. द्विस्तरीय पडताळणी चालू करा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागितला जाईल. गुगल दहा बॅकअप कोड देतं, ते कागदावर लिहून दोन घरांत ठेवा, फोनमध्ये फोटो काढून नव्हे. रिकव्हरीचा नंबर ग्रुपच्या सिमचा द्या. पुढे उद्या कुणी पुण्याला गेलं, लग्न झालं, रुसलं, तरी काम अडणार नाही.

हॅक झालेल्या सभासदाकडे आता वळू. त्यांना खूप बोलणी बसली असतील. त्यांना तीन प्रश्न विचारा, दोष न देता: कुणाला सहा आकडी कोड सांगितला होता का? ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, उघडली होती का? कुणी सांगितल्यावरून स्टार २१ किंवा स्टार ४०१ ने सुरू होणारा नंबर फिरवला होता का? तिन्हींवर इलाज वेगळा आहे. कोड गेला असेल तर आपल्याच नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा सुरू करायचं, एसएमएसने आलेला कोड टाकला की चोर बाहेर पडतो. चोराने वर स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावं लागतं, पण तोवर त्यालाही ते खातं वापरता येत नाही. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन अनोळखी संगणक असेल तर तो काढायचा. नंबर फिरवला असेल तर कॉल दुसरीकडे वळलेले असतात, हॅश हॅश ००२ हॅश डायल केलं की ते वळण रद्द होतं. आणि एपीके उघडली असेल तर प्रकरण व्हॉट्सअ‍ॅपपुरतं नाही. फोन विमान मोडवर टाका, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा आणि तो फोन फॅक्टरी रीसेट केल्याशिवाय त्यावर बँकेचं अ‍ॅप उघडू नका.

ज्या चौघांचे पैसे गेले त्या प्रत्येकाने स्वतः तक्रार करायची आहे, ग्रुपच्या वतीने एक करून भागत नाही. १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक किंवा सायबर गुन्हे पोर्टल. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक जवळ ठेवा. महिना उलटला असला तरी करा. पैसे परत मिळण्याची आशा पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असते हे खरं, पण ज्या खात्यात पैसे गेले ते खातं पुढच्या माणसाला लुटायला मोकळं राहू नये.

यापुढचा नियम मात्र एका ओळीचा करा आणि ग्रुपच्या वर्णनात सगळ्यात वर लिहा: या ग्रुपवर कुणीही, कुणासाठीही, कधीही पैसे मागत नाही. अपवाद ठेवू नका. ‘खरंच गरज असेल तर’ म्हणून एक फट ठेवली की चोर त्याच फटीतून येतो. कुणाच्या उपचाराला मदत करायची असेल तर ज्याने-त्याने रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीवर किंवा औषधाच्या दुकानात थेट भरावी. क्यूआर कोड फिरवणंही बंद. ‘पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी सांगितलं तर समजावं की पैसे जाणार आहेत, कारण यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

एका रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी सगळ्यांना बोलवा, पोहे-चहा करा आणि प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन लावून घ्या. सेटिंग, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. दोन मिनिटांचं काम आहे. त्याच बैठकीत प्रत्येकाने प्रोफाइल फोटो आणि ‘लास्ट सीन’ आपल्या कॉन्टॅक्टपुरतं करावं, आणि आपल्याला कोणत्याही ग्रुपमध्ये कुणी घालावं हेही. ज्येष्ठांना तरुण मुलं मदत करतील, पण पिन टाकताना त्या मुलाने तोंड फिरवायचं. ‘तूच टाक रे बाळा, माझा वाढदिवसच ठेव’ हे ऐकू येईल. ऐकू नका.

ग्रुपच्या रचनेकडेही बघा. साडेतीनशे लोकांच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कम्युनिटी’ काढली तर घोषणांच्या ग्रुपमध्ये सभासदांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले राहतात, फक्त अ‍ॅडमिन आणि आधीपासून ओळखीचे लोक ते बघू शकतात. त्याखाली भागवार छोटे ग्रुप: इंदिरानगर वेगळा, सिडको वेगळा, नाशिकरोड वेगळा. पत्ता ज्याने जायचं त्यालाच, त्या दिवशीच. छोट्या ग्रुपवर मेसेज सात दिवसांनी आपोआप नाहीसे होण्याची सोय लावा. आमंत्रणाची लिंक रीसेट करा. गणपतीत मंडळाच्या फलकावर किंवा दुकानाच्या काचेवर कधीतरी चिकटवलेली जुनी लिंक अजून कुणीतरी वापरत असेल. नव्या माणसाला अ‍ॅडमिनच्या मंजुरीशिवाय आत येता येणार नाही, हेही सेट करा. अ‍ॅडमिन तीन ते पाच पुरेत. मानाने दिलेली अ‍ॅडमिनपदं काढून घेताना थोडी नाराजी होईल. होऊ द्या.

आधार कार्ड घेऊ नका. एक धोक्याची यादी कमी करायला निघालो आणि साडेतीनशे आधारच्या प्रती असलेली दुसरी उभी केली, असं होईल. नव्या माणसाला दोन जुन्यांनी ओळखलेलं असावं आणि पहिले काही महिने तो एकट्याने कुणाच्या घरात जाऊ नये, जोडीनेच जावा. जे नियमितपणे आजी-आजोबांच्या घरात आत जातात, त्यांनी पोलिसांची चारित्र्य पडताळणी करून घ्यावी, ती सांगण्यात अवघडल्यासारखं वाटायचं कारण नाही. अ‍ॅडमिनवर केस होण्याबद्दल: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू नसेल तर, अ‍ॅडमिनला केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. ज्यांनी भीती घातली त्यांना हे कळवा आणि विषय संपवा.

फोटोंबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण विचारल्याशिवाय सांगतो. डबा देतानाचा फोटो फेसबुकवर जातो ना? दारात उभी आजी, मागे दाराची पाटी, जिन्यातला मजल्याचा आकडा. मदत घेणाऱ्याचा चेहरा दाखवून मदत करणाऱ्याला जो मान मिळतो, तो मला तरी कधी पटला नाही. ते सोडलं तरी त्या फोटोतून कळतं की इथे एकटी बाई राहते आणि अनोळखी माणसाला दार उघडते. डब्यांचे फोटो टाका, स्वयंपाकघराचे टाका, चेहरे तुमचे टाका.

पावसाळ्याचं तुम्हाला मी सांगायला नको. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं, हे सगळं नाशिक एकमेकांना विचारतं, आणि २०१९ च्या पुराचे व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात. तुमच्या ग्रुपवर त्या दिवसांत पाण्याची बातमी एकाच अ‍ॅडमिनने टाकावी, तीही महापालिका किंवा जिल्हा प्रशासनाने सांगितलेलीच. गोदाघाटाच्या बाजूला कुणी मदतीला गेलं तर त्याने लाइव्ह लोकेशन एका ठरलेल्या माणसाला द्यावं, ग्रुपला नव्हे, आणि एक तासाचं किंवा आठ तासांचं निवडावं, म्हणजे घरी गेल्यावर ते आपोआप बंद होईल.

एवढं सगळं कुणाच्या लक्षात राहणार नाही, म्हणून एका कागदावर चार नावं लिहा आणि सगळ्या अ‍ॅडमिनच्या घरी फ्रिजवर लावा: खातं हॅक झालं तर ग्रुपवर कळवून त्या माणसाला लगेच काढायचं कुणी, १९३० ला फोन लावायला मदत कुणी करायची, कुणाला त्रास झाला तर तिच्याबरोबर पोलिसांत कुणी जायचं, बॅकअप कोड कुणाच्या घरी आहेत. प्रत्येक नावापुढे दुसरं नाव, पहिलं माणूस गावाला गेलं तर. पाडव्याला आणि दसऱ्याला घर साफ करतो तेव्हा हा कागद आणि शीट दोन्ही उघडून बघा.

ग्रुप बंद करायचा सल्ला मी देणार नाही. बंद केला तर डबे थांबतील, शीट तशीच राहील.

राहिला सिंहस्थ. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या गर्दीत खोट्या राहण्याच्या सोयी, खोटी बुकिंग संकेतस्थळं, खोटे मदत क्रमांक निघतील, २०२५ च्या प्रयागराज कुंभाच्या वेळी पोलिसांना लोकांना याच गोष्टींबद्दल सावध करावं लागलं होतं. अशा वेळी तुमचा इंदिरानगरचा ग्रुप खुला करणं म्हणजे अनोळखी माणसांना आजींच्या यादीशेजारी बसवणं. यात्रेकरूंसाठी वेगळा ग्रुप काढा, वेगळ्या सिमवर, वेगळ्या खात्यावर. त्यात राहण्या-खाण्याचं बुकिंग करून देऊ नका, अधिकृत माहिती आणि हरवलेल्या माणसाला पोलीस मदत केंद्रापर्यंत पोचवणं एवढंच काम ठेवा. आणि त्या ग्रुपच्या वर्णनात पहिल्याच दिवशी लिहा की शेवटच्या पर्वणीनंतर महिन्याभरात इथली सगळी नावं आणि नंबर पुसले जातील, आणि ते कोण पुसणार त्याचं नावही.